तीन बाल्कन्यांतली आई

आमची आई ठाणे-डोंबिवली पट्ट्यात एकूण तीन बाल्कन्यांत टांगलेली सापडली.

(घाबरू नका. ती स्वतः त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात बसून लाल भोपळा चिरत होती आणि दर पंधरा मिनिटांनी "विजू, झालं का रे ते?" असं विचारत होती.) टांगलेली होती ती तिची सीडी. सीडीवर तिचा फोटो. फोटोत हिरवी पैठणी, कानात कुड्या, मांडीवर तंबोरा आणि चेहऱ्यावर गॅस बंद केला की नाही हे आठवत नसल्याचा भाव.

ही सीडी अठरा वर्षांपूर्वीची. आई तेव्हा भजनी मंडळात गायची आणि फार सुरेख गायची. कल्याणला भाजीच्या घाऊक बाजारामागे एका गृहस्थाने दोन खोल्यांत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला होता. भिंतींना आतून गाद्या ठोकल्या होत्या आणि आत कोथिंबिरीचा वास यायचा. तिथे आईने आठ गाणी गायली. सोबत बाबा गेले होते, कारण "एवढ्या लांब ती एकटी कशी जाणार?" (डोंबिवलीहून कल्याण दोन स्टेशनं आहे.) मी पेटी उचलायला. रात्रपाळी संपवून थेट तिथेच पोचलो होतो. स्टुडिओवाल्याने आम्हा बापलेकांना कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसवून दम दिला, "खोकला नको, शिंक नको, हूं की चूं नको!" म्हणजे माझी कामं दोनच. पेटी उचलायची आणि गप्प बसायचं. दोन्ही मी चोख पार पाडली.

बाबांना मात्र एक काम जमलं नाही.

आता बाबांविषयी सांगायला हवं. त्यांनी आयुष्यात आईच्या कशालाही चांगलं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही. पुरणपोळी चांगली झाली की ते म्हणायचे, "तूप आहे का?" फारच चांगली झाली तर तेवढंही नाही, नुसती आणखी एक वाढून घ्यायचे. असा हा माणूस. आणि सातव्या गाण्याला, एका गौळणीच्या शेवटी, आईने समेवर येताना अशी काही जागा घेतली की कोपऱ्यातून स्पष्ट आवाज आला, "वा!"

तो सीडीत कायमचा बसला. पुढे बाबांनी तो कधीच कबूल केला नाही.

"मी नव्हतो. खुर्ची करकरली."

"इतक्या सुरात करकरणारी खुर्ची घरी का नाही आणलीत मग?" आई विचारायची.

सीडीच्या एकतीस प्रती निघाल्या आणि त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने त्याच वाण म्हणून दिल्या. इतर बायका गाळणी, कंगवे, वाट्या लुटत होत्या. आमच्या आईने स्वतःलाच लुटलं. एक प्रत तेवढी तिने साडीच्या घडीत जपून ठेवली.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. घरातला सीडी प्लेयर त्याच्या आधीच गेला होता. यंदा आईला पंचाहत्तरावं लागणार होतं, म्हणून मी आठ दिवस आधी मोठ्या ऐटीत विचारलं, "आई, काय हवं तुला? साडी? पाटल्या?"

"काही नको. ते 'वा' माझ्या फोनवर घालून दे," ती म्हणाली. "दुपारी पडल्या पडल्या ऐकीन."

एवढंच! मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. लॅपटॉप उचलून मी त्याला चारही बाजूंनी सीडी घालायची फट शोधली. ती हल्लीच्या लॅपटॉपला नसते. मग बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. चार मिनिटांत सगळी सीडी लॅपटॉपवर उतरली. मी ऐटीत सातवं गाणं लावलं, कानाला हेडफोन. (खरं सांगतो, ही सीडी मी तोवर नीट बसून कधीच ऐकली नव्हती. स्वतःच्या आईची सीडी काय ऐकायची, आई घरातच असते.) गाणं अर्ध्यावर आलं आणि मागे खालच्या पट्टीत काहीतरी सुरू झालं. घर्रर्र... घर्रर्र... आणि शेवटी जिथे 'वा' यायचा तिथे आलं, "व्... टक् टक् टक्."

मी तडक वरच्या मजल्यावर पाटणकर काकांकडे गेलो. काका दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेत. कोणतीही वायर दिसली की त्यांना तिचं मूळ आणि कूळ विचारल्याशिवाय राहवत नाही.

"साधी कॉपी केलीस ना?" काका म्हणाले. "अरे, ती म्हणजे घाईत वाचलेली पोथी. अक्षर लागलं नाही की भटजी अंदाजाने पुढे जातात. एरर करेक्शन लाव! मग ते सॉफ्टवेअर अडलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाचतं. दोन वेळा सारखंच आलं, तरच पुढे सरकतं."

"आणि नाहीच आलं तर?"

"ऐंशी वेळा वाचेल. तरीही नाही जमलं तर प्रामाणिकपणे लिहून देईल, की इथे मला कळलं नाही."

असा एकही माणूस आमच्या ऑफिसात नाही. मला त्या सॉफ्टवेअरबद्दल एकदम आदर वाटायला लागला. "पण काका, ओरखड्याखालचा आवाज गेला तो गेलाच ना?"

"इथेच तर गंमत आहे!" काकांनी चष्मा काढला. (काकांनी चष्मा काढला की समोरच्याने बसून घ्यायचं असतं.) "एका क्षणाचा आवाज सीडीवर एका जागी नसतोच मुळी. त्याचे बारीक तुकडे करून लांब लांब पसरलेले असतात, वर पडताळ्याला जादा आकडे. तुझी आई दिवाळीत लाडू एकाच डब्यात भरते का?"

"छे! पाच डब्यांत. वेगवेगळ्या ठिकाणी."

"का?"

"मी आहे म्हणून."

"झालं! एका डब्यावर धाड पडली तरी पाहुण्यांपुरते उरतात. सीडीचं अगदी तसंच."

पन्नाशीच्या माणसाने इतकं हरखून जाऊ नये, पण मी गेलो. दोन दिवस मी ऑफिसातून आलो की त्या ड्राइव्हपुढे बसायचो. तो गुरगुरायचा, थांबायचा, मागे जायचा, पुन्हा वाचायचा. पडद्यावर आकडे सरकायचे. पहिलं गाणं बिनचूक, दुसरं बिनचूक, असं करत गाडी सातव्याच्या शेवटच्या चार सेकंदांवर येऊन अडली ती अडलीच. तीस वेळा, पन्नास वेळा, ऐंशी वेळा. नेमकं 'वा'पाशी! शेवटी पडद्यावर आलंच, इथे मला कळलं नाही.

आता कुठेतरी मी वाचलं होतं, की टूथपेस्टने सीडीवरचे ओरखडे जातात.

"पाटणकर काकांना विचार आधी," माझी बायको मेधा म्हणाली.

"त्यात काय विचारायचं?" मी म्हणालो. (आमच्या घरातल्या यच्चयावत अपघातांच्या पायाशी हे वाक्य आढळतं.)

आमच्याकडे पेस्ट असते ती लवंग आणि मिठाची, दाणेदार. ती बोटावर घेऊन मी सीडी गोल गोल घासली, अगदी पूजेचं तबक घासावं तशी. धुतली, पुसली, उजेडात धरली. पूर्वी तिच्यावर एक ओरखडा होता. आता मोजायची सोय राहिली नव्हती. ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्ह म्हणाला, आत सीडीच नाही.

काकांनी ती हातात घेतली आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"गोल घासलीस?"

"हो."

"अरे विजय, मधून कडेकडे पुसायची असते ही! आडव्या ओरखड्याने इथलं थोडं, तिथलं थोडं जातं. गोल ओरखडा ओळीवरून चालत जातो. सलगच्या सलग साफ!"

"लाडवांच्या भाषेत सांगा ना."

"पाचही डबे तूच खाल्लेस."

मला दरदरून घाम फुटला. बाबांनी पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एकदा तोंडातून काढलेलं कौतुक, आणि ते मी लवंग-मिठाने घासून काढलं होतं! स्वयंपाकघरातून आवाज आला, "विजू, झालं का रे ते?"

"चालू आहे, आई! दुरुस्ती चालू आहे!"

वाढदिवसाला पाच दिवस उरले होते. त्या दिवशी मेधाने मला बाल्कनीत नेऊन दार लोटलं. "रडतोस काय? तीस वाटल्या होत्या ना? एकीकडे तरी असेलच."

मी तिथेच बाल्कनीत उभा राहून फोन लावायला सुरुवात केली. (ही जागा लक्षात ठेवा.) पण वाण ही काही घरात राहणारी वस्तू नव्हे. लेलेवहिनींनी आपली सीडी पुढच्या संक्रांतीला नणंदेला दिली होती, नणंदेने शेजारणीला, शेजारीण नागपूरला गेली. कुणी भंगारात घातली होती, कुणाच्या नातवाने तिची गाडीची चाकं केली होती. चौदाव्या फोनला दुसऱ्या मजल्यावरच्या सबनीस काकू लागल्या.

"तुझी आई ना? आहे की! आमच्या बाल्कनीत आहे."

"बाल्कनीत?"

"कबुतरांसाठी रे! सीडी लटकवली की चकाकते, मग येत नाहीत मेली. बाकीच्यांच्या साध्या सीड्या. तुझी आई मात्र उत्तम हाकलते हो!"

मी धावत खाली गेलो. ग्रिलला सुतळीने बांधलेली आई वाऱ्यावर गिरक्या घेत होती. सोडवत होतो तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आम्ही पूर्वी खूप ऐकायचो बरं का. त्यात एका गाण्याला मागे एक वाद्य आहे. खर्जातलं. फार भारदस्त. कोणी वाजवलंय रे?"

"आईला विचारून सांगतो," मी म्हणालो.

पण काकूंची बाल्कनी पश्चिमेची. तिथे ऊन खाऊन सीडी पार विटली होती. तीन गाणी कशीबशी निघाली, पुढे सगळं कोरं. मग कळलं, की एक प्रत ठाण्यात कोलशेतला शकूआत्याकडे आहे. शकूआत्या म्हणजे बाबांची बहीण. खाडीच्या बाजूला नवा टॉवर झालाय, त्यात चौदाव्या मजल्यावर राहते. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून गेलो. तिच्या बाल्कनीतही आई! इथे तिला लाल लोकरीने टांगलं होतं आणि शेजारी लिंबू-मिरचीही होती.

"नेऊ? अरे वेडा का खुळा तू?" आत्या कडाडली. "वहिनीला टांगलंय तेव्हापासून एक कबूतर फिरकलं नाही! खाडीवरनं थवेच्या थवे येतात. तू नेणार, मग इथे मी उभी राहू का चकाकत?"

"आत्या, त्यात बाबांचा 'वा' आहे गं."

 आत्या लोकर सोडवत म्हणाली, "दादाने आयुष्यात एकदा चांगलं बोलायचं आणि ते पण अंधारात, कोपऱ्यात बसून. ने. पण बदली दे!"

बदली म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या लग्नाची सीडी नेऊन दिली. हे मेधाला सांगताना जरा धाकधूक होती.

"दिलीस? बरं केलंस," ती म्हणाली. "कबुतरं तरी बघतील."

आत्याची सीडी चांगली निघाली. ड्राइव्ह गुरगुरत, मागेपुढे करत सातव्या गाण्यापर्यंत आला. घर्रर्र होतंच. म्हटलं, असू दे, आधी 'वा' येऊ दे. आणि पुन्हा तेच! शेवटचे चार सेकंद. ऐंशी वेळा वाचून झालं. इथे मला कळलं नाही. माझ्या बापाने नेमकी सीडीतली सगळ्यात अडचणीची जागा पकडून दाद दिली होती.

"तो तुकडा इथे गेलाय," काका म्हणाले, "पण दुसऱ्या प्रतीवर तो शाबूत असू शकतो. दोन प्रतींत एकाच जागी ओरखडा कशाला पडेल? बाकीचं हिच्यातलं घेऊ, चार सेकंद तिच्यातले. आणखी एक प्रत आण."

आता कुठून आणू? उद्यावर वाढदिवस आला होता. माझा धीर सुटला. म्हटलं, आईला खरं काय ते सांगून टाकावं. तेवढ्यात कपडे वाळत घालायला गेलेली मेधा बाल्कनीतून ओरडली, "विजय! इकडे ये! ही कोण?"

आमच्याच ग्रिलला, वरच्या कोपऱ्यात, माझ्या जुन्या बुटाच्या नाडीने टांगलेली आई आमच्याकडे बघत होती. हिरवी पैठणी, कुड्या, तंबोरा, गॅसची काळजी. पाच दिवस तिच्या बरोब्बर खाली उभा राहून मी अख्ख्या डोंबिवलीला फोन लावले होते!

"कोणी टांगली ही?"

ती नाडी माझी होती, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी माळा आवरताना वाणात फिरून परत आलेली एक सीडी सापडली होती आणि कबुतरांनी तेव्हा उच्छाद मांडला होता. फोटो मुद्दाम दर्शनी ठेवला होता, कारण आईला आपण सगळे घाबरतो तर कबुतरं काय चीज!

मागून आई आली, हातात तुळशीला घालायचा तांब्या.

"सापडली का?" ती शांतपणे म्हणाली. "मी रोज इथे पाणी घालते. मला वाटलं, तुला माहितीये."

"आई, तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? म्हटलं, टांगलीस ती टांगलीस, निदान तोंड तरी भिंतीकडे केलेलं नाहीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच तिच्यासमोर टूथपेस्टपासून सगळं कबूल करून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "लवंग-मिठाने? अरे, तिने तर दात पण स्वच्छ होत नाहीत." यावर मेधा इतकी हसली की ओला टॉवेल खाली रस्त्यावर पडला.

आमची बाल्कनी उत्तरेची, ऊन कमी. सीडी धुतली, मऊ फडक्याने पुसली, मधून कडेकडे. काकांना खाली बोलावलं आणि आम्ही चौघं ड्राइव्हपुढे बसलो. तो वाचायला लागला. सातवं गाणं, शेवटचे चार सेकंद. अडला. मागे गेला. पुन्हा वाचलं. पुन्हा. अकराव्या खेपेला दोन वाचनं जुळली आणि तो सुरळीत पुढे सरकला. पाटणकर काकांनी टाळी वाजवली. काकांनी सुरुवात आत्याच्या सीडीतली आणि शेवट आमच्या सीडीतला घेऊन गाणं जोडलं आणि रविवारी सकाळी, औक्षण झाल्यावर, मी ते आईच्या फोनवर लावलं.

आई डोळे मिटून ऐकत होती. गौळण संपत आली, तिने ती जागा घेतली आणि आला. टक् नाही, खर् नाही. "वा!" अगदी बाबांचा, बाबांच्याच आवाजातला, जणू आताच कोपऱ्यात बसलेत आणि लगेच म्हणणार आहेत की खुर्ची होती. आईने डोळे उघडले नाहीत. नुसतं बोट फिरवून सांगितलं, परत लाव. मी पाच वेळा लावलं. माझेही डोळे भरून आले, काकांनी चष्मा काढला आणि या वेळी समजावून सांगायला काढला नव्हता.

इथे थांबायला हवं होतं. पण मी थांबलो नाही.

"आई, एवढं ते मागचं घर्रर्र राहिलंय बघ. ती शेवटची चूक. तीही काढून देतो."

"निघायची नाही ती," काका म्हणाले. "मी बघितलं. दोन्ही प्रतींत ते एकाच जागी, एकसारखं आहे. सॉफ्टवेअरचा निकाल आलाय, गाण्यात एकही चूक नाही. म्हणजे ते सीडीतलं नव्हे, तिथे खोलीतच होतं काहीतरी. पंखा असेल. मोटर असेल."

आई हसायला लागली. आधी पदरातल्या पदरात, मग मोठ्यांदा.

"कसली मोटर! अरे, तो तू आहेस."

"मी?"

"पेटीच्या खोक्यावर डोकं टेकून ढाराढूर झोपला होतास. रात्रपाळी करून आलेलास ना! स्टुडिओवाला तर उसळलाच. म्हणाला, 'बाई, पोरगं घोरतंय, गाणं परत घेऊ.' मी म्हटलं, राहू दे."

"राहू दे? का?"

"परत गायले असते तर तुझं घोरणं गेलं असतं," आई म्हणाली. "पण ह्यांनी 'वा' परत म्हटलं असतं का?"

सबनीस काकूंना आवडलेलं ते खर्जातलं भारदस्त वाद्य मला आठवलं. अठरा वर्षांपूर्वी संक्रांतीला, तिळगुळाबरोबर, तीस घरी माझं घोरणं हळदीकुंकू लावून वाटलं गेलं होतं!

"काका," मी हळूच विचारलं, "नुसतं घोरणं काढायची काही सोय?"

"आहे. पण 'वा' नेमका तुझ्या घोरण्यावर बसलाय. एक काढलं की दुसरं जाणार."

"मग हात लावायचा नाही," आईने फोन पदराखाली घेतला.

तेव्हापासून ती रोज दुपारी पडल्या पडल्या ऐकते. हा ठेवा पुन्हा धोक्यात यायला नको, म्हणून काकांनी तो आईच्या फोनवर, लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर ठेवून दिलाय आणि प्रत्येक प्रत मूळ गाण्याशी आकड्याला आकडा ताडून पाहिलीय. म्हणजे आजमितीला माझं घोरणं तीन ठिकाणी सुरक्षित आहे, आणि आयुष्यात मी केलेल्या कामांपैकी हे एकच असं आहे, ज्यात एकही चूक सापडलेली नाही.